ब्लॉक की चार्ज? पंचांसाठीचा एक व्हिडिओ कोर्स, सहा आठवड्यांनंतर

पहिल्याच क्लिपला मी चुकले. बास्केटबॉलचा एक खेळाडू डावीकडून ड्रिबल करत रिंगकडे घुसतो, शेवटचं पाऊल टाकतो, उडी घेतो. समोरून उंच डिफेंडर सरकत येतो आणि छातीला छाती लागणार इतक्यात चित्र थांबतं. माझं बोट ‘ब्लॉकिंग’ (फाउल वाट अडवणाऱ्या डिफेंडरचा) आणि ‘चार्जिंग’ (फाउल धडक देणाऱ्या आक्रमकाचा) या दोन बटणांची वाट बघत होतं, पण पडद्यावर प्रश्न वेगळाच आला: उडी घेणाऱ्याचा पाय जमिनीवरून सुटला तेव्हा डिफेंडरचे पाय कुठे होते? मला सांगता येईना. मी चेंडूकडे बघत होते. सात वर्षं पॉइंट गार्ड म्हणून खेळले, नंतर नऊ वर्षं शिट्टी वाजवली, आणि तरी त्या अर्ध्या सेकंदात माझे डोळे चेंडूलाच चिकटलेले होते.

रिंगजवळच्या टकरीचा निर्णय कसा द्यायचा, एवढ्या एकाच विषयावरचा हा ऑनलाइन कोर्स. सहा आठवड्यांत सहा भाग आणि मिळून २४० क्लिप. प्रत्येक क्लिप टकरीच्या आधी थांबते, प्रश्न विचारते, मग पूर्ण चालते आणि शेवटी निर्णय व त्यामागचा नियम सांगते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. अशा धर्तीचे कोर्स आता बरेच निघालेत, त्यामुळे घेताना काय बघून घ्यावं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

मी तो का घेतला हे आधी सांगते, कारण त्याशिवाय माझं मत कशावर उभं आहे ते कळणार नाही. मागच्या हंगामात एका सामन्याचे शेवटचे ११ सेकंद राहिले होते. पाहुणा संघ एका गुणाने मागे. त्यांची गार्ड उजवीकडून सुटली, आपल्या डिफेंडरला मागे टाकलं, आणि पलीकडच्या बाजूने मदतीला दुसरी डिफेंडर धावत आली. टक्कर झाली, डिफेंडर पाठीवर पडून फूटभर घसरली, चेंडू रिंगमधून आत गेला. मी मूठ वर केली आणि चार्जिंग दिलं. बास्केट रद्द, चेंडू समोरच्या संघाला, सामना तिथेच संपल्यात जमा. ती गार्ड माझ्यापाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, मी उडी मारली तेव्हा ती तिथे नव्हती.” मी तिला म्हटलं, “खेळ पुढे चालू दे.” रात्री माझ्या जोडीदार पंचाने गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवला. तो थांबवत थांबवत बघितला. मुलीचे दोन्ही पाय हवेत होते आणि डिफेंडरचा उजवा पाय अजून जमिनीला टेकायचा होता. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तो ब्लॉकिंग फाउल होता: बास्केट धरायचं आणि वर एक फ्री थ्रो द्यायचा. काळजात चर्र झालं. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मला ज्याने फसवलं, त्याच गोष्टींवर कोर्सचा पहिला भाग बेतलेला आहे. टकरीचा आवाज, कोण पडलं, किती लांब घसरलं, बेंचवरून काय ओरडलं गेलं, यांपैकी कशानेही फाउल कुणाचा हे ठरत नाही. तो टकरीच्या आधीच ठरलेला असतो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमपुस्तकात कलम ३३ मध्ये शारीरिक संपर्काची तत्त्वं आहेत आणि ‘लीगल गार्डिंग पोझिशन’ची व्याख्या अगदी थोडक्यात दिली आहे: डिफेंडरचं तोंड प्रतिस्पर्ध्याकडे हवं आणि दोन्ही पाय जमिनीवर हवेत. चेंडू हातात असलेल्या खेळाडूसमोर ही जागा घ्यायला वेळेची किंवा अंतराची अट नाही. म्हणजे मी ड्रिबल करत येतेय आणि समोरची शेवटच्या क्षणी येऊन उभी राहिली, तरी ती कायदेशीर. थांबणं किंवा वळणं ही माझी जबाबदारी. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र एक ते दोन पावलांचं अंतर द्यावं लागतं. आणि खेळाडू एकदा हवेत गेली की सगळं बदलतं. तिच्या वाटेत कुणी घुसायचं नाही. उडी घेतेवेळी जी जागा मोकळी होती, तिथे उतरण्याचा हक्क तिचा.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहून पासही झाले होते. नियम माहीत असणं आणि तो धावत्या खेळात दिसणं यांत किती अंतर आहे, ते मला या कोर्सने दाखवलं. त्याचे पहिले गुण मी यासाठीच देते.

आता क्लिप ३७ आणि ३८. या दोन क्लिपसाठी मी हा कोर्स पुन्हा घेईन.

३७ मध्ये डिफेंडर तीन गुणांच्या रेषेपासूनच चेंडूवाल्याच्या समोर आहे. तोंड समोर, पाय जमिनीवर, गुडघे वाकलेले. चेंडूवाला उजवीकडे निघतो, डिफेंडर त्याच्याबरोबर सरकतो: एक, दोन, तीन पावलं, बाजूला आणि थोडं मागे. लेनच्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या, आत चेंडूवाला खांदा खाली घालून घुसतो आणि टक्कर होते. त्या क्षणी डिफेंडरचा डावा पाय हवेत आहे आणि शरीर हलतंय. मी ब्लॉकिंग दाबलं. उत्तर चार्जिंग. मी रागाने पुन्हा लावली, मग पुन्हा. चौदा वेळा बघितली असेल. ‘डिफेंडर हलत होता, म्हणजे ब्लॉक’ हा समज माझ्या हाडात मुरलेला होता आणि तो चुकीचा आहे. कायदेशीर जागा एकदा मिळवली की ती राखण्यासाठी बाजूला किंवा मागे सरकायची पूर्ण मुभा असते. त्या सरकण्यात एक किंवा दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटले तरी चालतं. दोन्ही पाय टेकलेले असण्याची अट जागा मिळवताना असते, राखताना नाही. धडक छातीवर, म्हणजे धडावर बसली, तर त्या जागी डिफेंडर आधी पोहोचला असं नियम धरून चालतो.

३८ बघताना आधी वाटतं की तीच क्लिप चुकून परत लावली. तसाच ड्राइव्ह, तशीच तीन पावलं. फक्त शेवटच्या पावलाला डिफेंडर किंचित पुढे येतो आणि कंबर बाहेर काढतो. धडक छातीच्या मध्यावर न बसता बाजूला, कंबर आणि खांद्याच्या कडेला बसते. हा ब्लॉकिंग. पाऊल फार तर वीतभर वेगळं पडलं असेल.

तेव्हापासून मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे. जर्सीच्या छातीवरचा नंबर बघायचा. धडक नंबरावर बसली तर डिफेंडर वाटेत आधीच उभा होता असं बहुतेक वेळा निघतं. काखेखालच्या शिवणीवर बसली तर तो उशिरा पोहोचला असण्याची शक्यता मोठी. नियमात नंबर आणि शिवण असं काही नाही, नियम धड म्हणतो. पण वेगात डोळ्याला पकडायला काहीतरी ठोस लागतं आणि मला हे सापडलं. यासोबत एक सूट लक्षात ठेवावी लागते: जागा मिळवलेला डिफेंडर मार बसू नये म्हणून आपल्या जागेतल्या जागेत अंग वळवू शकतो. त्यामुळे खांद्यावर धडक दिसली म्हणून लगेच ब्लॉक देऊन चालत नाही, तो खांदा तिथे आधीपासून होता की ऐन वेळी वळला तेही बघावं लागतं. क्लिप ५२ याच एका गोष्टीवर आहे आणि तिथेही मी पहिल्यांदा चुकलेच.

तिसरा भाग रिंगखालच्या अर्धवर्तुळाचा. माझ्या मते संपूर्ण कोर्समध्ये हाच सर्वांत कसून बनवलेला आहे.

ज्यांनी नुसतं प्रेक्षक म्हणून बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिंगच्या बरोबर खाली जमिनीवर जो छोटा अर्धगोल असतो, त्याला ‘नो-चार्ज सेमी-सर्कल’ म्हणतात. बास्केटच्या मध्याखालच्या बिंदूपासून रेषेच्या आतल्या कडेपर्यंत त्रिज्या १.२५ मीटर. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगने अशी खूण १९९७-९८ च्या हंगामात आणली, त्यांची त्रिज्या ४ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच. फिबाच्या कोर्टवर ती २०१० च्या बदलांबरोबर आली. त्याच वर्षी तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर गेली आणि जुनी तिरकी लेन जाऊन आयताकृती झाली. हेतू साधा होता. स्वतःच्या रिंगखाली नुसतं उभं राहून समोरून हवेत येणाऱ्याची धडक अंगावर घ्यायची आणि फाउल कमवायचा, या खेळाला बक्षीस मिळू नये. हवेतून उतरणाऱ्या खेळाडूसाठी ती फार धोक्याची जागा आहे. आक्रमक चेंडू घेऊन हवेत असेल, बास्केट किंवा पास करायच्या प्रयत्नात असेल, आणि डिफेंडरचा एक जरी पाय त्या अर्धवर्तुळाला लागलेला असेल, तर चार्जिंग द्यायचं नाही. रेषा अर्धवर्तुळाचाच भाग, त्यामुळे टाच रेषेवर असली तरी डिफेंडर आतच धरायचा.

इथवर सोपं आहे. पण चार्जिंग द्यायचं नाही म्हणजे आपोआप ब्लॉकिंग द्यायचं, असा समज कितीतरी पंचांचा असतो, माझाही होता. डिफेंडर आत उभा आहे, जागा कायदेशीर आहे, हवेतला खेळाडू येऊन आदळला: यात कुणाचाच फाउल नाही. खेळ चालू. कोर्समध्ये अशा क्लिप ओळीने दाखवल्यात आणि प्रत्येक वेळी शिट्टीकडे जाणारा हात मागे घ्यायला लावलाय. आणि अर्धवर्तुळ असलं तरी आक्रमकाला सगळंच माफ होत नाही. त्याने कोपर बाहेर काढलं, हाताने ढकललं, पाय आडवा घातला, तर डिफेंडर आत उभा असतानाही आक्रमकाचा फाउल देता येतो.

मग येतात आडवळणाच्या क्लिप. एक खेळाडू एंडलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेच्या, कडेने ड्रिबल करत बोर्डच्या मागच्या भागात जातो आणि तिथून तिरकी किंवा मागे उडी घेऊन अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या डिफेंडरवर आदळतो. पाय आत आहे, म्हणून मी ‘फाउल नाही’ म्हटलं. उत्तर चार्जिंग, कारण अर्धवर्तुळाची सवलत बोर्डच्या मागून आत शिरणाऱ्याला मिळत नाही. दुसरी जोडी याहून सुंदर आहे. हवेतला खेळाडू शॉट घेण्याऐवजी कोपऱ्यातल्या साथीदाराला पास देतो आणि मग अर्धवर्तुळातल्या डिफेंडरवर जातो: फाउल नाही. तोच खेळाडू आपल्या पाठोपाठ येणाऱ्या साथीदाराला पास देतो, त्याच डिफेंडरवर जातो आणि साथीदार मोकळ्या झालेल्या वाटेने बास्केट करतो: चार्जिंग. दुसऱ्या वेळी त्याने साथीदारासाठी वाट साफ करायला आपलं शरीर वापरलं. हे फिबाच्या अधिकृत स्पष्टीकरणांत लिहिलेलं आहे, मीही ते कधीतरी वाचलं होतं. पण दोन्ही चित्रं शेजारी शेजारी बघितल्याशिवाय नियमामागचं डोकं कळत नाही.

चौथा भाग उभ्या उडीचा, म्हणजे व्हर्टिकॅलिटीचा. तो ठीक आहे. खेळाडू जमिनीवर जेवढी जागा धरून उभा आहे, तेवढीच वरची जागाही त्याची; हात सरळ वर ठेवून सरळ उडी मारली आणि आक्रमक त्याच्यावर येऊन आदळला तर दोष डिफेंडरचा नाही. २०१२-१३ च्या सुमारास रॉय हिबर्ट एनबीएच्या इंडियाना संघासाठी ज्या पद्धतीने रिंगसमोर उडी घ्यायचा, तेव्हा हा शब्द सामान्य प्रेक्षकांच्याही तोंडी बसला. इथल्या क्लिप चांगल्या आहेत, पण बऱ्याचशा एकासारख्या एक. हात समोर झुकले की फाउल, सरळ राहिले की नाही, हे दहा क्लिपमध्ये कळतं. त्यासाठी चाळीस कशाला?

पाचवा भाग जागेचा, म्हणजे पंचाने स्वतः कुठे उभं राहायचं याचा. यावर मला खरं तर दुप्पट वेळ हवा होता. एंडलाइनवरचा पंच, ज्याला आपण लीड म्हणतो, तो रिंगच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला तर त्याला पाठी आणि कोपरं दिसतात, दोन शरीरांमधली फट दिसत नाही. थोडं मागे, थोडं बाहेर राहिलं की चेंडूवालाही दिसतो आणि पलीकडून मदतीला निघालेला दुसरा डिफेंडरही. या दुसऱ्या डिफेंडरला लवकर हेरणं हाच निम्मा निर्णय आहे. मी त्या सामन्यात चुकले तेव्हा माझी नजर ड्राइव्हवर होती आणि मदतीला आलेली मुलगी मला थेट टकरीच्या वेळी दिसली. तिची सुरुवातच मी पाहिली नव्हती. ज्या खेळाची सुरुवात बघितली नाही, त्याच्या शेवटावर मी शिट्टी वाजवली होती. हे मला या भागात, माझ्याच जुन्या व्हिडिओशी ताडून बघताना उमगलं. डोळ्यांत पाणी आलं हे लपवत नाही.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार: वेगवेगळ्या नियमांखाली खेळलेल्या सामन्यांच्या क्लिप एकत्र कालवल्या आहेत. दुसऱ्या भागात निदान वीसेक क्लिप एनबीएच्या आहेत आणि उत्तरं फिबाच्या नियमाने दिलीत. फिबात डिफेंडरने आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी जागा घेतलेली असली पाहिजे. एनबीएत आक्रमकाने शॉटसाठी वरच्या दिशेने हालचाल सुरू करण्याआधी. अमेरिकन कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात तर हा क्षण आणखी बदलत गेला: २०१३-१४ मध्ये वरच्या हालचालीचा निकष होता, नंतर पाय जमिनीवरून सुटण्याआधीचा झाला, २०२३-२४ पासून उडीसाठी पाय रोवण्याआधी डिफेंडर जागेवर हवा असा झाला. पाय रोवणं, हात वर निघणं, पाय सुटणं हे तीन क्षण लागोपाठचे आहेत आणि तिघांमध्ये पापणी लवण्याइतकंच अंतर आहे, पण निर्णय उलटायला तेवढं पुरतं. शिवाय एनबीएचं अर्धवर्तुळ मदतीला आलेल्या डिफेंडरसाठी आहे, मूळच्या डिफेंडरचा विचार तिथे वेगळा होतो. मग त्या क्लिपवर मैदानावरच्या पंचाने दिलेला निर्णय आणि कोर्सचं उत्तर जुळत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की पंच चुकला. त्या पंचाने त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर निर्णय दिलेला असतो. मी संस्थेला सहा क्लिपचे नंबर देऊन सविस्तर कळवलं. ‘तुमची सूचना नोंदवली आहे’ एवढं उत्तर आलं. त्यानंतर महिना झाला, क्लिप तशाच आहेत. नवीन पंचाच्या हातात हे गेलं तर तो चुकीचा क्षण डोळ्यात बसवून घेईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याची. जवळजवळ सगळ्या क्लिप टीव्हीच्या उंच कॅमेऱ्यातून घेतलेल्या. तिथून अर्धवर्तुळ स्वच्छ दिसतं, पाय स्वच्छ दिसतात. मी मात्र एंडलाइनवर उभी असते, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर दहा जणांचे खांदे असतात. पंचाच्या जागेवरून घेतलेल्या क्लिप मोजून अकरा निघाल्या, आणि त्या अकरांत माझी उत्तरं सर्वांत जास्त चुकली. खरी तालीम तिथे होती. तशा शंभर क्लिप असत्या तर मी हा कोर्स प्रत्येकाच्या गळ्यात घातला असता.

तिसरी: सगळे खेळाडू वरच्या दर्जाचे. त्यांचे पाय नेमके पडतात, ते कुठे थांबतात ते वाचता येतं. आपल्यातले बहुतेक पंच पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे सामने घेतात. तिथे डिफेंडर जागा घेण्याचा विचारही करत नाही, तो घाबरून मधे येतो. आक्रमकालाही आपण कुठे उतरणार हे ठाऊक नसतं. हवेतल्या मुलाच्या खाली कुणी सरकलं तर ते फार धोकादायक असतं. नियम त्याकडे साध्या ब्लॉकिंगसारखं बघत नाही. हवेतल्या खेळाडूखाली जाऊन केलेला संपर्क सहसा अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून केलेला, फाउल धरला जातो आणि प्रकार गंभीर असेल तर खेळाडूला बाहेरही काढता येतं. सहा भागांमध्ये यावर चार क्लिप. मुलांच्या सामन्यात ज्याची सर्वांत जास्त भीती असते, त्यावर चार!

सहावा भाग परीक्षेचा आहे, घड्याळ लावून. त्यातून मला फारसं काही मिळालं नाही.

पण कोर्सचा कस शेवटी मैदानावरच लागणार. संपवल्यानंतर मी आठ सामने घेतले. पहिल्या दोनांत माझी शिट्टी उशिरा येत होती, कारण मी मनात प्रश्न विचारत बसायचे: पाय कुठे, छाती कुठे, रेषा कुठे. एका प्रशिक्षकाने ओरडून विचारलंही, “मॅडम, दिलंय की नाही?” तिसऱ्या सामन्यापासून ते बसायला लागलं. चेंडूवाली निघाली की माझी नजर आपोआप पुढे, पलीकडच्या मदतनीस डिफेंडरवर जाऊ लागली. ती कधी निघाली, कधी पोहोचली हे टकरीच्या आधीच कळू लागलं, आणि टक्कर झाली तेव्हा उत्तर हातात होतं.

पाचव्या सामन्यात तसाच प्रसंग आला. उजवीकडून ड्राइव्ह, डावीकडून मदत, टक्कर, डिफेंडर पाठीवर. गॅलरी चार्ज चार्ज म्हणून उसळली. मी ती मुलगी निघताना पाहिली होती. तिचा डावा पाय टेकला तेव्हा ड्राइव्ह करणारी हवेत होती. मी मूठ वर केली, मग दोन्ही हात कंबरेवर ठेवले. ट्रेलच्या, म्हणजे खेळाच्या मागे राहणाऱ्या पंचाच्या, जागेवरून माझ्या जोडीदाराचीही शिट्टी वाजली होती, पण त्याने हात वर धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. टक्कर माझ्यासमोर होती, निर्णय माझा. आधीच ठरलं होतं की दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर दुसरी खूण करायची नाही, आधी नजर मिळवायची. ही सवय कोर्समध्ये एका ओळीत सांगितली आहे, खरं तर तिच्यावर एक अख्खा भाग व्हायला हवा होता. एक पंच कंबरेवर हात ठेवतो आणि दुसरा तळहातावर मूठ मारतो, असं झालं की खेळाडूंचा दोघांवरचाही विश्वास उडतो.

पडलेली मुलगी उठली आणि मला म्हणाली, “ताई, मी उभी होते ना!” मी तिला सांगितलं, “उभी राहिलीस, पण ती हवेत गेल्यावर.” तिने एकदा रिंगकडे, एकदा आपल्या पायांकडे बघितलं आणि फ्री थ्रोसाठी लेनवर जाऊन उभी राहिली. याआधी मी असं एका वाक्यात, त्याच क्षणी, खेळाडूला पटेल असं कधी सांगू शकले नव्हते.

कुणी घ्यावा? दोन-तीन हंगाम शिट्टी वाजवलेल्या पंचांनी जरूर घ्यावा. अगदी नवख्यांनी आधी कलम ३३ नीट वाचावं, नाहीतर एनबीएच्या क्लिप त्यांना भरकटवतील. प्रशिक्षकांनीही निदान पहिला आणि तिसरा भाग बघावा, कारण ‘पाय रोवून उभी राहा’ हा आपण मुलींना देत असलेला सल्ला अर्धाच आहे. कधी आणि कुठे उभं राहायचं हेही सांगायला हवं. अर्धवर्तुळात पाय रोवून काही मिळत नाही, उलट हवेतली मुलगी अंगावर कोसळते.

बघण्याची माझी पद्धत सांगते. आवाज बंद ठेवा, समालोचक टकरीआधीच कान भरतो. पहिल्या भागानंतर थेट तिसरा घ्या, मग दुसरा, आणि दुसऱ्यात जिथे जर्सी किंवा कोर्ट एनबीएचं दिसेल तिथे उत्तर सोडून द्या. ३७ आणि ३८ लागोपाठ बघा, निदान पाच वेळा. पंचाच्या उंचीवरच्या त्या अकरा क्लिपचे नंबर मी वहीत लिहून ठेवलेत: ९, ६१, ६२, ११८, १३०, १३१, १५७, १८४, २०२, २१९ आणि २३६. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री मी एवढ्याच बघते.